उंबऱ्याबाहेरची कानडी

अंबूताईला नवनगरच्या वृद्धाश्रमात ठेवायचं हे आमच्या भांड्यांच्या दुकानात ठरलं, आणि ठरलं ते कानडीत. अंबूताई माझी थोरली जाऊ. नवरा गेलेला, मूलबाळ नाही, आणि हल्ली तिच्या हातून गॅस उघडा राहतो. माझी सून मंगला गल्ल्यावर बसल्या बसल्या म्हणाली, "तिथं नर्स असते, वेळेवर जेवण असतं. घर पेटल्यावर शहाणं व्हायचं का, आई?" मी तांब्या पुसत "आतु" म्हटलं. आतु म्हणजे झालं, आणि आमच्या कमरीपेठेत माझा शब्द फिरत नाही.

दुकानात कानडी आणि उंबऱ्याच्या आत मराठी, हा आमच्या सासूबाईंचा कायदा. अंबूताई अळणावर गावच्या कानडी घरातली. लग्न होऊन आली त्या दिवशी सासूबाईंनी तिला चपला आणि कानडी दोन्ही दाराबाहेर काढायला लावल्या. चपला तिने नंतर परत घातल्या.

नात वेदश्री धारवाडला विद्यापीठात माणसाचं मन शिकते. इतकी वर्षं आम्ही न शिकताच वापरलं. त्याच संध्याकाळी दुकानात येऊन तिने कानडीत विचारलं, "होडी बुडतेय. एकाला पाण्यात ढकललं तर बाकीचे वाचतात. ढकलशील?"

"ढकलायचं. त्यात विचारायचं काय?"

घरी मी भाकरी थापत होते, तर कार्टीने तेच मराठीत विचारलं.

"कुणाला ढकलू? आधी नाव सांग त्याचं. आणि चुलीपाशी असलं अभद्र बोलू नकोस."

ती हसायला लागली. "आजी, पुष्कळांचं असंच होतं. घरच्या भाषेत एक उत्तर, बाहेरच्या भाषेत दुसरं."

त्यावरून तिच्या शिकलेल्या लोकांत दोन तट आहेत म्हणे. एक म्हणतो, बाहेरच्या भाषेत नुसते शब्द असतात, डोळ्यांपुढे चित्र उभं राहत नाही, म्हणून माणूस कठोर होतो. दुसरा म्हणतो, चित्रबित्र काही नाही, त्या भाषेत माणूस जरा थांबून विचार करतो, आणि तोच विचार खरा.

"तू कुठल्या तटात?"

"अजून ठरलं नाही."

"ठरलं की कळव. तोवर ताटं घे."

पण त्यातली सोय मी उचलली. अंबूताईला सांगायचं काम माझ्यावरच होतं; अशा वेळी मंगला हमखास देवळात असते. मराठीत सांगायला दोनदा गेले आणि चहा हवा का, एवढंच विचारून परत आले. म्हटलं, कानडीत सांगून मोकळं व्हावं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती खोलीत शेंगा सोलत होती. मी आत गेले आणि म्हटलं, "अक्का, नवनगरदाग छलो जागा ऐती." नवनगरात चांगली जागा आहे.

तिचे हात थांबले. या घरात तिच्याशी कानडीत कुणी बोललंच नव्हतं. तिने सूप बाजूला सारलं, चटई झटकली. "बा, कुंड्रु." ये, बस. एवढ्या वर्षांत मी तो आवाज ऐकला नव्हता. मग ती बोलतच सुटली. अळणावरची लाकडांची वखार, भावाने पाळलेली खार, आई केस विंचरताना काय म्हणायची ते. सगळं कानडीत, आणि मला सगळं दिसत होतं.

शेवटी मी पुन्हा नवनगरचं काढलं. ती लगेच "आतु" म्हणाली. वर विचारलं, "नीनू बर्ती?" तूही येतेस ना?

मी सूप पुढे ओढलं आणि शेंगा सोलायला घेतल्या.

संध्याकाळी मंगला विचारते, "आई, आश्रमवाल्यांना कधी येतो म्हणून सांगू?"

"येत नाही म्हणून सांग. कानडीतच सांग, तुला ती जड जात नाही."

"आणि गॅस?"

"रेग्युलेटर मी बंद करत जाईन. माझे हात अजून शाबूत आहेत."

वेदश्री लगेच माझ्या शेजारी येऊन टेकली. "आजी, चित्र दिसलं का गं?"

"शेंगा दिसल्या. अजून पायलीभर राहिल्यात. बस, सोल. आणि थोरल्या आजीशी बोलायचं तर कानडीत बोल."