पाळीची काठी

गावात त्याला नावाने हाक मारणारं कोणी उरलं नव्हतं. पोरंटोरं, म्हातारीकोतारी, सगळे त्याला ‘फॉरेस्ट’ म्हणायचे. रागावली की बायकोसुद्धा. माणूस गावचा आणि अंगावरचा वनरक्षकाचा खाकी कपडा सरकारचा. दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात, तशी गत. गावाला वाटायचं हा साहेबांचा, आणि साहेबांना खात्री, की हा गावाचा.

जंगल सरकारचं, राखण दोघांची, सुकं लाकूड गावाचं, असा करार होता. राखणीला बेचाळीस घरांची पाळी लावलेली. दिवसभर जंगलात फिरून आलेल्या माणसाने संध्याकाळी काठी शेजारच्या दाराला टेकवायची, की दुसऱ्या दिवशी त्या घराने निघायचं. ज्याच्या दारात काठी, त्या दिवशीचं जंगल त्याचं. झाड तुटलं तर त्या घराचं सुकं लाकूड वर्षभर बंद, आणि पाळीतूनही ते घर बाद. त्या घराला लाकूड देईल त्याचंही बंद. हा नियम फॉरेस्टनेच बसवला होता आणि भर सभेत टाळ्या घेतल्या होत्या. स्वतः खणलेला खड्डा माणसाला सुरुवातीला विहीरच वाटतो.

सोमवारी संध्याकाळी शिंप्याने काठी त्याच्या दाराला टेकवली. मंगळवारी पहाटे रेंजरसाहेबांचा फोन आला. “कराराचे कागद घेऊन ऑफिसला ये. मुदत संपतेय, शुक्रवारी नव्याने सह्या आहेत.” बायकोचा पाय प्लास्टरमध्ये, घरात तिसरं माणूस नाही. राखण समितीच्या अध्यक्षांकडे जाऊन बदली मागायची, एवढंच काम होतं. पण मागच्याच सभेत सुताराने बदली मागितली, तेव्हा यानेच त्याला सगळ्यांदेखत झापलं होतं, “राखणीला सबबी चालत नाहीत.” आता कुठल्या तोंडाने जायचं? त्याने काठी उचलली आणि शेजारी काकूच्या दाराला टेकवली. दार बंद होतं. काकू आत भट्टी पेटवत असेल, बाहेर आली की बघेल. एक दिवस पुढेमागे, आपण तिची पाळी भरून काढू. हाक मारली असती तर बस चुकली असती.

काकू आत नव्हतीच. ती अंधार फिटायच्या आत भावाकडे गेली होती. दुपारी परतली, काठी पाहिली आणि तिला वाटलं, उद्याची पाळी आज लवकर आली. जंगलात त्या दिवशी कोणीच गेलं नाही. संध्याकाळी काटक्या वेचायला गेलेल्या बायका ओरडत आल्या. सरळ बुंध्याचे दोन जुने वृक्ष गेले होते, भुसा अजून ओला होता आणि गाडीच्या चाकांच्या खुणा पार सडकेपर्यंत गेल्या होत्या. सगळं गाव काठी शोधत निघालं. ती काकूच्या दारात सापडली. साहेबांनी फोनवरूनच हुकूम सोडला, सभा होईपर्यंत काठी जागची हलवायची नाही.

काकू धोबीकाम करायची. दवाखान्याच्या चादरी भट्टीवर उकळून धुवायची, त्यावरच तिचं पोट. सुकं लाकूड बंद म्हणजे भट्टी बंद, आणि भट्टी बंद म्हणजे काय, ते सांगायला नको. लहानपणी आईचा मार चुकवायला फॉरेस्ट तिच्याच भट्टीमागे लपायचा. “इथे कोणी नाही हो,” असं ती त्याच्या आईला सांगायची, शपथ घेऊन.

तीन दिवस त्याला अन्न गोड लागलं नाही. बुधवारी तो साहेबांकडे जाऊन आला. साहेब काही वाईट माणूस नव्हते, म्हणूनच जास्त पंचाईत. त्यांनी समजावून सांगितलं, “चूक गावकऱ्याची असेल तर एका घराला दंड. आपल्या खात्याच्या माणसाची निघाली तर करार थांबतो, चौकशी लागते. दोन वर्षं तरी एक काटकी कोणाला उचलता येणार नाही. मला काही सांगायचंय का तुला?” तो नाही म्हणाला. बोलावं तर बेचाळीस चुली विझतात, गप्प बसावं तर एक.

शुक्रवारी शाळेच्या खोलीत सभा भरली. पोरांच्या बाकांवर मोठी माणसं गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. काकू दाराशी, भिंतीला टेकून. पंचनामा लिहायचं काम फॉरेस्टचं. त्याने तारीख घातली, तोडलेल्या झाडांचे घेर लिहिले, आणि ‘कसूर कोणाची’ या रकान्याशी त्याचा हात थांबला.

“काठी माझ्या दारात होती,” तो उभा राहून म्हणाला. “मंगळवारी पहाटे मी ती काकूच्या दाराला लावली. तिला न सांगता.”

साहेबांनी पेनाचं टोपण लावलं आणि ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, “बाहेर फार आवाज आहे. मला नीट ऐकू आलं नाही.” बाहेर चिटपाखरू नव्हतं.

अध्यक्षांनी घसा साफ केला. “शिंपीभाऊ, सोमवारी काठी कोणाच्या दारात ठेवलीत?”

शिंप्याची नजर बोटांवर. “आता... नक्की आठवत नाही बुवा.”

“मला आठवतंय ना!” फॉरेस्ट ओरडला.

“तू खाली बस,” सुतार म्हणाला. आवाजात राग नव्हता, म्हणून तो जास्त लागला. “राखणीला सबबी चालत नाहीत, तूच म्हणालास. तुझं मन हलकं करायला आमच्या चुली कशाला विझवतोस?”

त्याला तेव्हा कळलं, की सगळ्यांना ठाऊक होतं. पाळीचा क्रम गावात पोरासोरांना पाठ. तीन दिवस तो जे एकटा उराशी धरून बसला होता, ते बेचाळीस घरांत शिजून थंडही झालं होतं. त्याने काकूकडे पाहिलं. ती उठली, टेबलाशी आली.

“लिही,” ती म्हणाली. “माझं नाव लिही. कुठे अंगठा करायचा तेवढं दाखव.”

त्याने लिहिलं. अक्षर सुवाच्य आलं, सवयीने. तिने अंगठा केला, साहेबांनी कराराचे कागद पुढे ओढले, सह्या झाल्या, दहा वर्षांसाठी. कोणीतरी टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनीच.

शनिवारी सकाळी त्याने आपल्या वाट्याच्या लाकडाची मोळी बांधली आणि काकूच्या दाराशी हळूच ठेवली. वळतो तोच दार उघडलं. आत भट्टी थंड होती आणि दवाखान्याच्या चादरींचं गाठोडं तसंच बांधलेलं होतं.

“उचल ते,” काकू म्हणाली.

“काकू, माझ्या घरचं आहे. घे ना. कोणी पाहिलेलं नाही.”

“मंगळवारी तरी कोणी पाहिलं होतं?”

काकूचा आवाज चढला नाही, तेच वाईट होतं. “हे माझ्या दारात सापडलं तर पकडायला कोण येईल रे?”

“मी,” तो म्हणाला.

“मग? लपवायचं ते एकदा लपवलं तुला. आता माझ्यात दम नाही.”

ती दारामागे वाकली. भिंतीला टेकलेली काठी तिने उचलली आणि त्याच्यापुढे धरली. “आणि ही घेऊन जा. माझं घर पाळीतून गेलंय. तुझी पाळी राहिलीय.”

दार लागलं. समोर शिंप्याने दुकानाची फळी उघडली, त्याला पाहिलं आणि पुन्हा लावून घेतली. एका हातात मोळी, दुसऱ्या हातात काठी, अंगावर खाकी. त्याने मोळी आपल्या अंगणात टाकली आणि तो जंगलाच्या वाटेला लागला. संध्याकाळी काठी कोणाच्या दाराला टेकवायची, ते त्याला चांगलं ठाऊक होतं. एक दार सोडून पुढच्या.