गाठतोडे महाराजांचं गर्भाशय

लालबागच्या आमच्या चाळीखाली बायांची ही गर्दी! मला वाटलं, संयुक्त महाराष्ट्राचा मोर्चा निघतोय. पुढे जाऊन पाहते तर गाठतोडे महाराज आलेले.

“मायभगिनींनो, मुंबई महाराष्ट्राला मिळेल तेव्हा मिळेल, पोटातली गाठ मात्र आत्ता सुटेल! चिरफाड नाही, टाका नाही, डॉक्टरीण नाही!”

रांगेत माझी शेजारीण जाईबाई होती, गिरणीत कामाला जाणारी. वर्षभर अंगावरून फार जायचं, चेहरा कागदासारखा पांढरा पडलेला. परळच्या इस्पितळात सुनेत्रा डॉक्टरांनी तपासून सांगितलं होतं, “गर्भाशयात गाठ आहे. कॅन्सरची नाही, पण ऑपरेशन करायला हवं.” तेव्हापासून जाईबाई त्या रस्त्यानंसुद्धा जात नव्हती.

महाराजांनी तिला सतरंजीवर निजवलं. ओटीपोटावर हळदीचा लेप, त्यावर पांढरं ‘भस्म’. चोळताच लेप रक्तासारखा लाल! “सुट, सुट, हट!” असं ओरडत महाराजांनी कापसाचा बोळा दाबला आणि त्यातून काळीलाल गाठ उचलून दाखवली.

“गेली गो बाय!” जाईबाईला रडूच फुटलं.

गाठ परातीत पडते न पडते तोच चाळीतलं मांजर आलं. त्यानं वास घेतला, गाठ खाल्ली, मिशा चाटल्या आणि महाराजांच्या पिशवीपाशी आणखी एकीसाठी म्यांव करत बसलं.

“मांजराला मुक्ती मिळाली!” महाराज म्हणाले. बायांनी मांजरालाही नमस्कार केला. मी मात्र पिशवीकडे बघत राहिले.

आठवडाभरात जाईबाई मोरीत चक्कर येऊन पडली. लुगडं रक्तानं भिजलेलं. मी तिला टॅक्सीत घालून परळला नेलं. सुनेत्राबाईंनी दाखल करून घेतलं, रक्त चढवलं. मग मी मांजराची हकिकत सांगितली. बाईंना हसूही आलं आणि संतापही. “महाराज परत आले की मला बोलवा,” त्या म्हणाल्या.

महाराज आले तसा मी बाईंना निरोप धाडला. जाईबाईची बातमी तोवर चाळभर झाली होती. सुनेत्राबाई आल्या त्या सरळ पुढे झाल्या.

“महाराज, आज तुमची गाठ काढते.”

“मला कसली गाठ? मी पुरुष आहे!”

“न बघता कसं सांगायचं? धरा गं यांना!”

चार बायांनी महाराजांना आडवं केलं. बाईंनी ढेरीवर हळद फासली, वर पानवाल्याकडचा चुना चोळला. ढेरी लालेलाल! मग महाराजांच्याच पिशवीतला बोळा दाबून त्यातून बकऱ्याच्या कलेजीचा तुकडा काढला.

“अभिनंदन महाराज, तुमचं गर्भाशय साफ झालं!”

बाया हसून लोळल्या. महाराज धोतर सावरत पळाले, मागोमाग मांजर.

“हळदीला चुना लागला की ती लाल होते,” सुनेत्राबाई म्हणाल्या. “घरी करून बघा. त्याला मंत्र लागत नाही.”

जाईबाईचं ऑपरेशन झालं, नारळाएवढी गाठ निघाली. घरी आल्यावर ती बायांना टाक्यांची रेघ दाखवायची. “गाठ खरी निघाली ती हयसून. महाराजानं काढली तेव्हा भोक खंय होतं, एकीनं तरी विचारलं काय?”

नव्हतं विचारलं. मीसुद्धा नाही. म्हणून सांगते, अंगावरून जास्त जात असेल तर लाजून घरात बसू नका, डॉक्टरला दाखवा. आणि चमत्कार दिसला, तर हात जोडण्याआधी तोंड उघडा.