दोन मांजरांचा प्रस्ताव

आमच्या घरात फ्रिज आला तोही कागदावरून. हे छत्तीस वर्षं केंद्र सरकारच्या नोकरीत होते. घरात काही घ्यायचं म्हटलं की नोटशीटचा हिरवा कागद काढायचे, रकाने आखून दोन वस्तूंची तुलना मांडायचे आणि खाली माझ्या सहीला जागा सोडायचे. मी 'मान्य' लिहिल्याशिवाय घरात खुर्चीसुद्धा येत नसे. पूर्वी तुलना अर्ध्या पानात संपायची. एक्क्याण्णवनंतर बाजारात एकेका वस्तूचे दहा प्रकार आले आणि यांचे कागद लांबत गेले. गाझियाबादचा हा अकराव्या मजल्यावरचा फ्लॅट तर सोळा पानांनी आला. मी चेष्टा करायचे, पण सही करताना आपण कुणी मोठे साहेब आहोत असं वाटायचं, हेही खरं.

या उन्हाळ्यात डॉक्टरांनी सांगितलं, यांचं हृदय आता काही महिनेच साथ देईल. आम्हा दोघांसमोर सांगितलं. घरी आल्यावर मी पडवळ चिरायला घेतलं आणि तो विषय काढला नाही. यांनीही नाही.

ऑगस्टमध्ये यांनी कागद पुढे केला. विषय : मांजर.

"मांजर?" मी म्हटलं. "चाळीस वर्षांत दारच्या कुत्र्याला पोळी घालू दिली नाहीत मला!"

"वाच तर खरं."

आमची वैभवी गुडगावला नोकरी करते, तिथंच राहते, रविवारी येते. तिने ऑफिसातून इंटरनेटवरची पानं छापून आणली होती. एकीकडे बेंगाल, दुसरीकडे अ‍ॅबिसिनियन. दोन्ही जाती चळवळ्या, एका जागी बसणं ठाऊक नाही. बेंगाल ठिपक्यांची, दांडगी, मोठ्या आवाजाची, पाण्यात खेळणारी. अ‍ॅबिसिनियन तांबूस, सडपातळ, बारीक आवाजाची, माणसाच्या मागे मागे फिरणारी.

"म्हाताऱ्यांना एखादी लोळत पडणारी नाही का बरी?"

"बिल्कुल नाही, आई," वैभवी म्हणाली. "बाबांनी नीट विचार केलाय."

उंदराला मांजर साक्ष! मी पुढे वाचलं. 'कुटुंबाची राहणी' असा एक रकाना होता. पाहुणे : क्वचित. बाहेरगावी जाणे : नाही. घरातील माणसे : एक.

मी ती ओळ पुन्हा वाचली. यांच्या कागदात चूक नसायची. असा राग आला की कागद फाडावासा वाटला. उन्हाळ्यापासून न बोललेली गोष्ट बोलायची ती अशी, रकान्यात?

मी पेन घेतलं, 'चर्चा करावी' असं लिहिलं आणि कागद परत केला. साहेबाला सही टाळायची असली की तो हेच लिहितो, हे मी यांच्याकडूनच शिकले. आणखीही एक ठाऊक होतं. टेबलावर फाईल बाकी असताना हे कधी रजेवर गेले नव्हते. आमच्या लग्नालासुद्धा फाईल संपवूनच दिल्लीहून गाडीत बसले. कागद अडकला की माणूस अडकतो, असं मी मनाशी धरून बसले. हसायचं तर हसा.

पुढच्या आठवड्यात कागद पुन्हा आला. बाल्कनीला जाळी, उड्या मारायला उंच फळ्या, सगळं मांडलेलं. मी पुन्हा 'चर्चा करावी' लिहिलं. तिसऱ्या खेपेला अक्षर ओळ सोडून खाली घसरत होतं. त्या रविवारी वैभवीने पॅड धरलं तेव्हा कुठे यांना लिहिता आलं.

"एक सही तर करायचीय, आई," ती स्वयंपाकघरात येऊन चिडून म्हणाली. "किती दमवशील यार त्यांना?"

मी यांच्या पलंगाशी जाऊन बसले.

"इंदू," हे दम घेत म्हणाले, "तुझी आई गेली तेव्हा चार महिने तू खुर्चीतून उठली नव्हतीस. मी ताट आणून द्यायचो तेव्हा जेवायचीस. आता कोण आणणार?"

"वैभवी येते की."

"रविवारी. बाकीचे सहा दिवस?"

"मग बेंगालच आणा. घर डोक्यावर घेईल."

"ती आपली आपण खेळेल आणि तू बघत बसशील. दुसरी तुला बसू देणार नाही. पण निर्णय तुझा."

त्यांनी पेन माझ्यापुढे धरलं. इतका थकलेला माणूस माझ्यापायी पुन्हा पुन्हा रकाने आखत होता! मला माझीच लाज वाटली. 'अ‍ॅबिसिनियन, मान्य' असं लिहून मी सही केली आणि ढसाढसा रडले. यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला, कागद वैभवीला दिला आणि उशीला टेकले. कपाळावरच्या आठ्या गेल्या. मला त्यांच्या त्या निश्चिंत चेहऱ्याचा राग आला. अजून येतो.

चौथ्या दिवशी हे गेले.

तेराव्यानंतर मांजर आली. मी बसले की मांडीवर चढते, खांद्यावर येते, कानाशी बारीक ओरडते. मी उठते, तिला खायला घालते, मग चार घास स्वतः खाते. वैभवी मैत्रिणींना फोनवर सांगते, आई सावरली. सही केली नसती तर हे राहिले असते, असं मला रोज वाटतं.