गूळपाणी

जगदेव कांद्याचं बी पिकवायचा. अकोल्याकडच्या मालेगावच्या शिवारात कांद्याच्या फुलांचे गोंडे फुलले, की तो रोज सकाळी वाफ्यात शिरून एकेका गोंड्यावरून तळहात फिरवायचा. मधमाश्या कमी झालेल्या. माणसाने हात फिरवून पराग पसरवला नाही, तर बी पोचट निघतं.

"लेकीच्या डोक्यावरून येवढा हात नाही फिरवला कधी," त्याची बायको विजयमाला म्हणायची. साफ खोटं! राखीवर त्याचा जीव. तिच्या शब्दाला त्यानं कधी नाही म्हटलं नव्हतं.

एका सकाळी गोंड्यासमोर एक माशी हवेत थांबली. थांबली म्हणजे थांबलीच, खुंटीला टांगल्यासारखी. काळी, कमरेला पिवळा पट्टा. जगदेवनं फोटो काढून धाडला. राखी अकोल्याला कीटकशास्त्र शिकत होती. तिचा लगेच फोन.

"बाबा, सिरफिड माशी हाय ती. चावत नाही, फुलावर जगते. पन ही जात लय क्वचित दिसते! हाती लागली त माहा अभ्यास पुरा होते. धरून ठेवा, मी उद्या येतेच."

लेकीचं काम म्हटल्यावर बाप कशाला मागे राहतो! त्यानं माशी काचेच्या बरणीत धरली, झाकणाला भोकं पाडली. पण उपाशी कशी ठेवायची? दारी आलेल्या पाहुण्याला गूळपाणी दिल्याशिवाय त्या घरात चैन पडत नसे. भिजवलेला गुळाचा खडा त्यानं आत सोडला आणि निवांत झोपला.

सकाळी गूळ पाझरला होता. माशी त्यात पंखांसकट चिकटून मेली होती.

राखी आली तेव्हा जगदेव चोरासारखा उभा होता. "माह्या हातून मेली वं."

"जाऊ द्या, बाबा. मले तशीबी मारावीच लागली असती. टाचणी टोचून डब्यात ठेवतो आमी. हिचे पंख खराब झाले, म्हणून कामाची नाही. दुसरी दिसली की सांगा."

ती धीर द्यायलाच बोलली होती. पण त्याच्या काळजाला ते लागलं. पाहुणी म्हणून आणली, ती मरायलाच आणली होती तर. लेक शिकलेली, तिला जास्त कळतं, असं म्हणून तो वाफ्याकडे निघून गेला.

पुढच्याच आठवड्यात दुसरी दिसली. या गोंड्यावरून त्या गोंड्यावर, त्याच्या तळहाताचंच काम करत होती. तेवढ्यात राखीचा फोन.

"दिसली काय, बाबा?"

नाही म्हटलं असतं, तर भागलं असतं. पण लेकीशी खोटं बोलणं त्याला जमेना.

"दिसली."

"धरा मंग!"

"नाही."

या शब्दाची तिला सवय नव्हती, त्यालाही नव्हती.

"बाबा, माहा अभ्यास…"

"तू ये. वाफ्यात बस, माशीले पाह्य, फोटो काढ, लिव. मी दिवसभर तुह्यासंगं बसतो. पन बरणी आनू नको, बाई."

फोन खिशात टाकून त्यानं पुढच्या गोंड्याकडे हात नेला. तिथे माशी बसली होती. त्यानं हात मागे घेतला आणि तो गोंडा तिच्यासाठी सोडून पुढे गेला.