उशीवरून दिसणारं दार

मोजल्याशिवाय तिचं पान हलत नसे. म्हणून ऑफिसात सगळे तिला मोजपट्टी म्हणायचे, आणि तिला ते आवडायचंही. कंपनी व्हीआरच्या गोष्टी बनवायची. डोळ्यांवर ते खोक्याएवढं यंत्र चढवलं की तुम्ही दुसऱ्याच कुणाच्या तरी जागी. हिची गोष्ट अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्याची होती. नर्सिंग शिकणाऱ्या मुलींनी दहा मिनिटं त्याच्या जागी पडून राहायचं, हाका मारायच्या, पाणी मागायचं, कुणी आलं नाही तर वाट बघायची.

खोली हिच्या वडिलांचीच होती. अकरा महिने ते पडून होते आणि हिने एकटीने, घरून काम करत, त्यांचं सगळं केलं. पलंग, छातीएवढं बुटकं कपाट, खिडकी, एकूण एक वस्तू टेपने मोजून तिने कॉम्प्युटरमध्ये जशीच्या तशी उभी केली होती. खिडकीचा तर तिला भारी अभिमान. बाबांना करमावं म्हणून पडदा काढून तिथे हिरव्यागार वेलाची कुंडी ठेवलेली.

बाबांना जाऊन वर्ष होत आलं होतं. भावंडं नाहीत, लग्नाचं राहून गेलं. संध्याकाळी कुलूप आपणच काढायचं, दिवाही आपणच लावायचा, आणि चहा एकाच कपाचा टाकायचा. आत्या फोनवर म्हणायची, "पोरी, बापाचं तू सोनं केलंस हो." तेवढ्या एका वाक्यावर बाई दिवस काढत होती.

बाबांची एक कुरकुर मात्र तिच्या ध्यानात राहिली होती. "दार उघडं ठेव गं." हिचे बाहेरच्या खोलीत दिवसभर कॉल चाललेले; त्यांची झोप मोडू नये म्हणून ही दार लोटून घ्यायची. ते पुन्हा म्हणायचे, ही पुन्हा लोटायची. म्हातारं माणूस, घेतलं असेल एखादं टुमणं डोक्यात, असं तिने धरलं. गोष्टीतही तिने ते घातलं होतं: म्हातारा दार उघड म्हणतो, मुलगी खिडकी उघडते, वारा येतो, म्हातारा खूश. आता गोष्ट आपलीच म्हटल्यावर म्हाताऱ्याला खूश करायला काय जातंय?

गोष्ट तपासायला एक निवृत्त नर्सबाई आल्या. पस्तीस वर्षं वॉर्डात काढलेल्या. कोचावर आडव्या झाल्या, यंत्र चढवलं आणि दोन मिनिटांत काढूनही ठेवलं.

"ही खोली कुणी केली?"

"मी," मोजपट्टी म्हणाली.

"उभ्याने केलीत. मी पडलेय आणि मला कपाटावरची धूळ दिसतेय. पेशंट काय छताला टांगलाय?"

तिच्याबरोबर काम करणाऱ्या प्रोग्रामरने आकडे बघितले आणि त्याला हसू आवरेना. नजरेची उंची जमिनीपासून दीड मीटर. म्हणजे टेप हातात घेऊन उभ्या असलेल्या मोजपट्टीचीच. "उंटावरून शेळ्या हाकल्यास की गं," तो म्हणाला. तीही हसली. आकडा पासष्ट सेंटिमीटरवर आणला आणि ती स्वतः कोचावर आडवी झाली.

खिडकी गेली होती. कपाट आड येत होतं. कुंडी नाही, वेल नाही, उजेडाची नुसती एक कड. उरलं काय, तर छत, कपाटाची करडी बाजू आणि पायांच्या समोर बंद दार.

"दार उघड जरा," ती म्हणाली.

"उघडून काय करू? पलीकडे तू काही बनवलंच नाहीस. नुसता काळोख आहे."

ती उठली. अर्ध्या दिवसाची रजा टाकून भर दुपारी घरी आली आणि चपलासुद्धा न काढता बाबांच्या पलंगावर जाऊन पडली. उशीवर डोकं टेकलं. दार उघडंच होतं, आता ते लोटणारं कोण होतं?

दारातून तिचं कामाचं टेबल दिसत होतं, आणि खुर्ची. बाकी काही नाही. जणू कुणी मापं घेऊन चौकट बसवली होती. तिथे बसलेलं माणूस डोक्यापासून पायापर्यंत दिसलं असतं. अकरा महिने ती त्यांच्यापासून चार पावलांवर बसली होती. तिला बघत पडून राहायचं, एवढंच ते मागत होते. आणि ती आवाज होऊ नये म्हणून जपून, हळूच, दार लोटून घेत होती.

तिला रडू आलं. बाबांची माफी मागावीशी वाटली, आणि ऐकायला घरात कुणी नव्हतं.

फोन वाजला. प्रोग्रामर होता. "खिडकीचं काय करू? कपाट सरकवलं तर दिसेल."

"नको. कपाट आहे तिथे राहू दे. दारापलीकडची खोली बनव. टेबल, खुर्ची. खुर्चीत मुलगी."

"बरं. आणि म्हाताऱ्याने हाक मारली की ती काय करते?"

"दार उघडते आणि परत जाऊन कामाला बसते."

"एवढंच? मग पुढे?"

"पुढे काही नाही. तो बघत असतो."

तिने फोन ठेवला आणि पुन्हा उशीवर डोकं टेकलं. दार सताड उघडं होतं. समोरची खुर्ची स्वच्छ दिसत होती, आणि तिच्यात कुणीही नव्हतं.