‘खाडीपलीकडे’च्या पहिल्या आवृत्तीची तक्रार

मी एक जुने नियमपुस्तक आहे, आणि मित्रांनो, आधीच सांगून ठेवते, मी रागावले आहे. पुस्तकाला कुठला आलाय राग, असे म्हणू नका. मला पाठ आहे, कणा आहे, एक दुमडलेला कोपराही आहे. त्या कोपऱ्याचीच ही हकीकत आहे.

मी ज्या खेळाचे पुस्तक, त्याचे नाव ‘खाडीपलीकडे’. या खेळाला पट लागत नाही, पत्ते लागत नाहीत. चार माणसे टेबलाभोवती बसतात. एक जण सूत्रधार होतो आणि गोष्ट सांगू लागतो. बाकीचे त्या गोष्टीतली माणसे होतात. कोणी नावाडी, कोणी दिवे लावणारी, कोणी वैद्य. नावाडी वादळात होडी घालतो, ती पलीकडे पोचेल की नाही ते फासा ठरवतो, आणि फाशाचा अर्थ काय लावायचा ते मी ठरवते. म्हणजे निदान ठरवत असे.

माझा जन्म एका लहानशा छापखान्यात झाला. माझी पाने हाताने शिवणारी बाइंडर मावशी कडक होती. एक टाका ढिला पडला तर उसवून पुन्हा घाली. तिच्या हाताखालून निघालेले पुस्तक सहजासहजी सुटे होत नाही, हे पुढे मला फार उपयोगी पडले. माझ्या पहिल्या पानावर खाडीचा नकाशा होता. तो बघून दुकानात एक तरुण उभ्या उभ्याच मला वाचू लागला. तो तेव्हा दातांचा डॉक्टर होण्यासाठी शिकत होता. त्याने मला छातीशी धरून घरी नेले.

पुढे तो डॉक्टर झाला, आणि मी त्याच्या दवाखान्यात राहू लागले. रविवारी दवाखाना बंद असे. मग पेशंट बसतात त्या खोलीत खेळ रंगे. भिंतीवर किडलेल्या दाढेचे मोठे चित्र, टेबलावर प्लास्टरच्या कवळ्यांचे साचे. ते साचे म्हणजे आमचे डोंगर. फासे टाकायला दवाखान्यातलाच स्टीलचा ट्रे. त्यात फासा पडला की असा काही खणखणाट होई, की खालच्या मजल्यावरचे लोक दचकत.

डॉक्टर सूत्रधार. त्यांची धाकटी बहीण पडदे शिवण्याचे काम करी. ती दिवे लावणारी. लिफ्ट दुरुस्त करणारा एक जण होता, त्याला सगळे भाऊ म्हणत. तो नावाडी. आणि शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या बाई. त्या वैद्य होत. बाई मोजकेच बोलत, पण त्यांनी तोंड उघडले की बाकीचे चहाचे कप खाली ठेवत.

माझ्यात एक वाक्य होते. ‘चिखलमाणसे जन्मतःच दगाबाज असतात, त्यांना मारण्यात दोष नाही.’ खाडीच्या गाळात राहणारे हे लोक. मला कोणी विचारून ते वाक्य छापले नव्हते. एका रविवारी भाऊच्या जाळ्यात चिखलमाणसाचे एक पोर सापडले. डॉक्टरांनी त्या पोराचा आवाज काढला. ते पोर आपल्या आईला हाका मारू लागले, आणि बहिणीने डोळ्यांना पदर लावला. भाऊ म्हणाला, “नियम गेला खड्ड्यात. मी नाही मारणार.” बाईंनी पोराच्या जखमेला पट्टी बांधली. मग डॉक्टरांनी पेन्सिल घेतली आणि माझ्यातल्या त्या वाक्यावर आडवी रेघ मारली. त्या दिवसापासून आमच्या टेबलावर चिखलमाणसे माणसांसारखी माणसे झाली. मला ती रेघ दुखली नाही. उलट अंगातला काटा निघाल्यासारखे वाटले.

अशी चांगली वर्षे गेली. माझी पाने चहाने तपकिरी झाली. बाहेरचे लोक मला बघायला येत, माझा फोटो काढत. “पहिली आवृत्ती!” असे म्हणून हळूच हात लावत. मीही थोडी फुगले असेन.

आणि मग बातमी आली. कंपनी नवी आवृत्ती काढणार. त्यात चिखलमाणसे जन्मतः दगाबाज नसणार. आणखी एक बदल होता. ‘शेवटची फेरी’ हा नियम काढून टाकला होता. वादळात सगळे बुडणार असतील, तर नावाडी स्वतःचा जीव देऊन बाकीच्यांना काठाला लावू शकतो, असा तो नियम. खेळाचा सगळा जीव त्यात होता. भाऊने तो कधी वापरला नव्हता, पण तो आहे एवढ्यावर दर वादळात टेबल श्वास रोखून बसत असे.

हा नियम गेला याचा राग येणे रास्तच होते. मलाही आला. पण मित्रांनो, लोक कशावर तुटून पडले असतील? चिखलमाणसांच्या बदलावर! फोनवरच्या ग्रुपमध्ये नुसता धुरळा. “आमचं बालपण नासवलं.” “जुनं ते पवित्र होतं.” ज्यांनी मला कधी उघडले नव्हते, तेही माझ्या नावाने गळे काढू लागले. आणि सगळ्यांच्या पुढे कोण? आमचे डॉक्टर! ज्या माणसाने स्वतःच्या हाताने ते वाक्य खोडले, तोच आता ग्रुपच्या भरात त्या वाक्यासाठी छाती पिटत होता. मला बोलता आले असते, तर मी त्यांना तिथल्या तिथे ती रेघ दाखवली असती.

“दादा, नवीन पुस्तक वाच तरी आधी,” बहीण म्हणाली.

“विष प्यायल्याशिवाय कळत नाही का विष आहे ते?” डॉक्टर गरजले.

बाई जाताना दारात थांबून म्हणाल्या, “पुढच्या रविवारी पुस्तकांच्या दुकानात नव्या आवृत्तीचं प्रकाशन आहे. या सगळे. मला तुम्हाला काहीतरी दाखवायचंय.”

“येणार म्हणजे काय! घोषणा देणार!” डॉक्टर म्हणाले. बाईही आपल्याबरोबर ओरडायला येणार, असे ते समजून चालले.

त्या रविवारी दुकान खच्चून भरले होते. डॉक्टरांनी मला दोन्ही हातांनी डोक्यावर धरले होते, मिरवणुकीत धरावे तसे. लोक टाळ्या वाजवत होते. डॉक्टरांचा आवाज चढला. “ज्यानं हे नवीन पुस्तक लिहिलंय, ते माणूस आयुष्यात कधी फासा हातात धरून बसलेलं नाही!”

तेवढ्यात मागचे दार उघडून लेखिका समोर आली. आमच्या बाई.

त्यांनी चांगली साडी नेसली होती आणि हातात नव्या आवृत्तीच्या तीन प्रती होत्या, डॉक्टर, बहीण आणि भाऊसाठी. प्रकाशन होईपर्यंत कोणाला सांगायचे नाही, अशी कंपनीची अट होती. म्हणून त्या इतके दिवस ते पोटात ठेवून बसल्या होत्या. डॉक्टरांचे वाक्य त्यांनी ऐकले होते. ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होते.

डॉक्टरांचे हात ढिले पडले. त्याच क्षणी मागून एका तरुणाने मला हिसकावले. तो कोण, कुठला, कोणाला ठाऊक. “जुन्याचा अपमान खपवून घेणार नाही!” असे ओरडून त्याने मला फेकले.

मी हवेतून गेले. माझ्यात नकाशे होते, वादळे होती, त्या जाळ्यातल्या पोराची गोष्ट होती. पण त्या क्षणी मी नुसता दगड होते. माझा कोपरा बाईंच्या भुवईवर बसला आणि दुमडला. चष्मा उडाला. रक्त आले, आणि बाई खालीच बसल्या.



“दादा, बघत काय उभा राहिलास? रुमाल दे!” बहीण किंचाळली.

डॉक्टर धावले, गुडघ्यांवर बसले आणि जखमेवर रुमाल दाबून धरला. 

“ते पुस्तक उचला कोणीतरी,” बाई म्हणाल्या. “पायाखाली येईल.”

भाऊने मला उचलले. बाईंनी एका डोळ्याने डॉक्टरांकडे बघितले. “डॉक्टर, नवीन पुस्तक वाचलंत?”

“नाही.”

“एखादं पान?”

“नाही, बाई.”

“मग माझ्यावर एवढा राग कशाचा होता हो?”

मागून कोणीतरी ओरडले, “घाबरू नका डॉक्टर, आम्ही तुमच्या बाजूनं आहोत!”

डॉक्टर वळले. “माझ्या बाजूचं माणूस हे इथं रक्ताळून बसलंय. तुम्ही कोण?”

यानंतर सगळे गोड झाले असे समजू नका. डॉक्टरांनी ग्रुपवर स्वतःच्या नावाने आपली चूक लिहिली, तर ज्यांनी त्यांना डोक्यावर घेतले होते त्यांनीच त्यांना फितूर ठरवले. ज्याने मला फेकले त्याचे मात्र कौतुक चालले होते. माझ्या प्रेमापोटी म्हणे! रविवार येत, पण बाई येत नसत. त्यांची खुर्ची कोणी हलवली नाही. डॉक्टरांनी मात्र नवी आवृत्ती पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचली. मग एके संध्याकाळी मला काखेत मारून ते बाईंच्या घरी गेले.

दार बाईंच्या सासूबाईंनी उघडले. “तुम्हीच का ते?” असे म्हणून त्यांनी डॉक्टरांना असे न्याहाळले, की दुसरा कोणी असता तर आल्या पावली परतला असता.

बाई बाहेर आल्या. भुवईवर टाक्यांची खूण होती.

“बाई, माफी मागायला आलोय,” डॉक्टर म्हणाले. “माझं ते वाक्य खोटं होतं आणि हलकट होतं. चिखलमाणसांचं तुम्ही लिहिलंय ते मला आवडलं. पण मी भांडायलाही आलोय. शेवटची फेरी का काढलीत?”

बाई हसल्या. “मी नाही काढली. माणसं मेली की खेळणारे नाराज होतात, असं कंपनीचं म्हणणं. मी त्यांच्याशी महिनोन्महिने भांडले. शेवटी ते म्हणाले, एवढा महत्त्वाचा नियम आहे तर लोक बोलतील. म्हणून मी वाट बघत होते. तुमच्यासारख्या थोड्यांनी जरी नीट कारणं देऊन लिहिलं असतं ना, तर ते मी त्यांच्या पुढ्यात टाकलं असतं. माझ्याकडे काय आलं? शिव्या. त्या कुठं नेऊन दाखवू?”

“मग ती कारणं आता लिहू या, बाई,” डॉक्टर म्हणाले.

आता बाई पुन्हा येतात. आमच्या टेबलावर चिखलमाणसे नव्या पुस्तकातली आणि शेवटची फेरी माझ्यातली. मी आणि ती नवी आवृत्ती, दोघी शेजारी उघड्या पडलेल्या असतो. तिच्याही पानांवर आता चहा सांडू लागला आहे. कंपनीला चौघांनी मिळून पत्र पाठवले आहे. नियम परत येईल की नाही, कोणास ठाऊक.

मित्रांनो, मला जपा, मला कव्हर घाला, काचेच्या कपाटात ठेवा, असे मी विनवणार नाही. माझ्यावर रेघा मारा, चहा सांडा, माझे ऐकू नका. माझ्यासाठी रागवायचे असेल तर तेही खुशाल करा. जीव जडल्याशिवाय कोणी रागावत नाही. पण आधी वाचा. मग लिहिणाऱ्यासमोर खुर्ची ओढा आणि त्याच्या डोळ्यांकडे बघून भांडा. माझ्या बाजूने बोलणारी माणसे मला हवी आहेत. माझा दगड करणारी नकोत.