डब्यातली कोंबडी

रेवती दारात उभी राहिली तेव्हा राधाने तिला आधी ओळखलंच नाही. समोरच्या बिल्डिंगमधल्या विद्याधरकाकांची ही मुलगी मुलुंडला राहायची, अधूनमधून एखाद्या रविवारी चारकोपला येऊन जायची. आज मधल्याच वारी आली होती आणि चेहरा ओढलेला होता.

“बाबा ॲडमिट आहेत,” ती म्हणाली. “ताप, जुलाब, अंगातलं सगळं पाणी गेलंय. टेस्टमध्ये साल्मोनेला सापडला. दूषित खाण्यातून पोटात जातात हे जंतू, बऱ्याचदा कोंबडीतून. बाबा म्हणतात, त्यांनी फक्त तुमचा डबा खाल्ला.”

राधा घरून डबे द्यायची. सुनंदाकाकी गेल्यापासून काका तिच्याच हातचं जेवत होते. रविवारी रस्सा कमी पडला की सोमवारी तक्रार करायचे.

“आता कसे आहेत?”

“सलाईन लावलंय. कोंबडी कुठून आणता तुम्ही?”

“मार्केटमधून. मार्तंडकडून. नेहमीचा आहे.”

“त्या उघड्या दुकानातून? आणि घरी तुम्ही लोक…” रेवती थांबली. “म्हणजे, स्वयंपाकघर बघू शकते का मी?”

तुम्ही लोक म्हणजे कोण, हे राधाने विचारलं नाही. बुद्धाच्या तसबिरीवर रेवतीची नजर गेली आणि पटकन सरकली, एवढं मात्र तिने पाहिलं. ती बाजूला झाली. रेवतीने सिंक पाहिलं, कापायची फळी उलटी करून पाहिली, फ्रिज उघडला, ओट्यावरचं फडकं दोन बोटांत धरून वास घेतला. ते ओट्यावर टाकून ती निघाली. ते दोन बोटांत धरणं राधाला जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी सोसायटीच्या ग्रुपवर रेवतीचा मेसेज आला. नाव कुणाचंच नव्हतं. “घरगुती डबा घेणाऱ्यांनी काळजी घ्यावी,” एवढंच. संध्याकाळपर्यंत तिघांनी डबा बंद केला. कुणी गावाला चाललं होतं, कुणाला डाएट करायचं होतं.

“आई, डोकं लावून बघ,” राधाचा मुलगा प्रितम म्हणाला. तो तिथल्याच इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये कामाला होता. “त्याच पातेल्यातलं आपण खाल्लं. बाकीच्यांनी खाल्लं. कुणाला काही झालं का?”

“काकांचं वय झालंय. त्यांना बाधलं असेल.”

“रस्सा उकळला होता ना?”

“उकळला होता.” असं म्हणताना राधाला रविवार आठवेना. नेहमीसारखाच गेला होता, म्हणूनच आठवेना. डबे भरायच्या आधी हात धुतले होते की पदराला पुसले? तिने फळी गरम पाण्याने घासली, मग सुरी घासली, मग सिंक. हाताला वास येतोय असं वाटून पुन्हा साबण लावला.

चार दिवसांनी रेवतीने तिला फोनवर रिपोर्ट पाठवला. मार्तंडच्या दुकानातून तिने स्वतः कोंबडी घेतली होती आणि लॅबला दिली होती. त्या मांसात साल्मोनेला होता.

राधा तडक मार्केटला गेली, पण दुकानात शिरली नाही. समोरच्या कांदेवाल्यापाशी उभी राहून बघत राहिली. इतकी वर्षं ती इथे यायची, गप्पा मारायची, पिशवी घेऊन जायची. आज तिला लाकडाचा ओंडका दिसला, मधोमध खोलगट झालेला. एकाच बादलीत मार्तंड सुरी बुडवत होता, त्यातच हातही. पाणी गुलाबी झालं होतं. एकाच फडक्याने त्याने ओंडका पुसला, मग तराजू, मग कपाळ. याच्याकडून आपण घरात काय काय नेलं, असं तिच्या मनात आलं.

“ताई, तिथे काय उभ्या?” मार्तंडने हाक मारली.

तिने फोन पुढे केला. त्याने रिपोर्ट मोठा करून पाहिला.

“मग? कच्च्या मांसात असणारच काहीतरी. तो मॉलमधला पॅकवाला माल पण चेक कर म्हणावं. शिजवून खायचं असतं ना.”

“पाणी बदलत जा रे. बघवत नाही.”

तो चपापला. बादली पायाने आत सरकवली. “तू पण मलाच बोल. तुझा तो म्हातारा बरा आहे ना? आजारी पडायच्या आधी, शुक्रवारी तर स्वतः आला होता. अर्धा किलो घेऊन गेला, तुकडे मोठे ठेव म्हणाला.”

“कोण? विद्याधरकाका?”

“तेच. काठी टेकत आले होते. मी म्हटलं, राधाताई देतात ना डबा? तर म्हणाले, तिला सांगू नकोस.”

राधा घरी परतली ती या वाक्यावर थांबत थांबत. रविवारी डबा घेताना काकांनी पोट दुखतंय म्हटलं होतं. म्हणजे तो डबा खाण्याआधीच त्यांना बाधलं होतं. तरी डॉक्टरांना त्यांनी डब्याचंच नाव सांगितलं.

काकांना घरी सोडल्याचं कळल्यावर ती गेली. दार रेवतीनेच उघडलं. काका पलंगावर बसले होते, गालफडं बसलेली. राधाला बघून त्यांनी चादर नीट केली.

“काका, शुक्रवारी तुम्ही मार्तंडकडून कोंबडी आणली होती?”

त्यांनी खिडकीकडे पाहिलं. रेवती म्हणाली, “काहीतरीच काय. बाबा गॅसला हात लावत नाहीत. तसं कबूल केलंय त्यांनी मला.”

“काका, मी तुम्हाला विचारतेय.”

काकांनी काठी जवळ ओढली.

“सुनंदाचा वाढदिवस होता,” काका म्हणाले. “ती सुकं करायची तसं करून बघायचं होतं. केलं. बरं झालं होतं. चांगलं शिजलं होतं.”

“आणि सोबत काय खाल्लं?”

“काकडी. कोशिंबीर करायला कापली.”

“कोंबडी कापली त्याच फळीवर?”

“पुसून घेतली होती मी.”

रेवती खुर्चीत बसली. “बाबा, डॉक्टरांनी तुम्हाला दोनदा विचारलं. मी ग्रुपवर लिहिलं. यांच्या घरात जाऊन फ्रिज उघडला मी.”

“मागे एकदा गॅस चालू राहिला होता,” काका राधाला म्हणाले. “पुन्हा पेटवला तर मुलुंडला नेईन, असं ही म्हणाली होती. मला हे घर सोडायचं नव्हतं.”

“म्हणून माझं नाव घेतलंत.”

“तू काही बोलणार नाहीस असं वाटलं.”

राधा दाराकडे वळली. त्यांच्या वयाकडे बघून ती गप्प बसली असती, पण हे वाक्य तिला गिळता येईना. “बोलले की नाही?” ती म्हणाली आणि चपला घालू लागली.

रेवती जिन्यापर्यंत आली. “राधाताई, माझं चुकलं. त्या दिवशी मी जे बोलले…”

“पुरं बोलला नव्हतात तुम्ही.”

रेवतीची मान खाली गेली. “हो. पण मनात होतं.”

ग्रुपवर रेवतीने दुसरा मेसेज टाकला, या वेळी राधाचं नाव घेऊन: डब्याचा दोष नव्हता. दोन डबे परत सुरू झाले. तिसऱ्या घरातले जिन्यात भेटले की हसायचे, तब्येत विचारायचे आणि डब्याचा विषय काढायचे नाहीत. पुढच्या आठवड्यात रेवती काकांना मुलुंडला घेऊन गेली. निघताना त्यांनी गाडीची काच खाली केली होती. राधा गॅलरीत होती. तिने हात हलवला, पण खाली गेली नाही.

मार्तंडने नळाला पाइप जोडून घेतला. राधा अजून त्याच्याकडेच जाते. तो सुरी धुतो, तिच्याकडे बघतो, पुन्हा धुतो, आणि ती त्याच्या हातांकडे बघत उभी राहते.